तिला काय म्हणायचे?

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही डीएनएवर बोलत होतो. लाळेच्या एखाद्या डागावरूनही माणूस कसा ओळखता येतो, नमुना ओला राहिला तर तो का कुजतो, अशी सगळी चर्चा झाली. चहाच्या सुट्टीत एक बाई आमच्याकडे आल्या. त्यांच्या नात्यातल्या एका मुलीवर अत्याचार झाला होता. आम्ही लगेच नमुने, तास, तपासणी याबद्दल सांगू लागलो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ते सगळं झालंय. दवाखाना झाला, तक्रार झाली. आता ती घरी आहे. मी रोज तिच्याकडे जाते. पण तिला काय म्हणायचं, तेच मला कळत नाही."

आमच्याकडे उत्तर नव्हते. नमुना कसा जपायचा हे आम्हाला माहीत होते, पण माणूस कसा जपायचा हे आम्ही कधी वाचलेच नव्हते. नंतर शोधू लागलो तेव्हा लक्षात आले की या प्रश्नालाही इतिहास आहे आणि त्याचे एक टोक पुण्यातच, गंज पेठेत आहे. तिथूनच सुरुवात करू.

भिंतीवरची सूचना

जोतीराव फुले यांचे एक सविस्तर टिपण आहे. बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयावर १८८४ च्या डिसेंबरात त्यांनी ते सरकारकडे पाठवले. त्यात पुण्यातल्या एका तरुण ब्राह्मण विधवेची हकिगत येते. ती जोतीरावांच्या एका स्नेह्यांकडे स्वयंपाकाला होती. एका शास्त्रीबुवाने तिच्या असहायतेचा फायदा घेतला. दिवस गेले. गर्भ पाडण्याची औषधे घेऊनही उपयोग झाला नाही. मूल जन्मले, तेव्हा बेअब्रूच्या भीतीने तिने ते मारून विहिरीत टाकले. खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबुवाला काय झाले, हे विचारण्याची रीत नव्हती.

अशा विधवांपैकी किती जणींवर बळजबरी झाली आणि किती जणींचे संबंध राजीखुशीचे होते, हे जुन्या कागदांतून वेगळे काढता येत नाही. पण ज्या घरात विधवेला जेवण, निवारा आणि अब्रू या तिन्हींसाठी दुसऱ्याच्या मर्जीवर राहावे लागे, त्या घरात तिच्या 'होकारा'ला किती अर्थ असणार, याचा विचार आपण करू शकतो.

१८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्याच्या छापील सूचना त्यांनी ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर लावल्या. सूचनेचा आशय असा: विधवांनो, इथे येऊन गुपचूप आणि सुरक्षितपणे बाळंत व्हा, मूल न्यायचे की ठेवायचे, ते तुमच्या खुशीवर, ठेवलेत तर त्याचा सांभाळ होईल.

या सूचनेत काय आहे याइतकेच त्यात काय नाही हेही पाहण्यासारखे आहे. ज्या काळात पोटुशी विधवा म्हटली की पहिला प्रश्न 'कोणाचे?' आणि दुसरा 'तुझी अक्कल कुठे गेली होती?' असे, त्या काळात या सूचनेत एकही प्रश्न नाही. पश्चात्तापाची अट नाही, चारित्र्याचा दाखला नाही. तीनच गोष्टी दिलेल्या आहेत: सुरक्षित जागा, गुप्तता आणि निर्णयाचा हक्क. निर्णयाचा हक्क हा शब्द तेव्हा कोणी वापरला नसेल, पण 'तुमच्या खुशीवर' याचा अर्थ तोच होतो.

त्याच टिपणात जोतीराव हिशेब देतात. तोवर ३५ गरोदर विधवा आल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जगली आणि ३० दगावली. कारणही ते सांगतात. गर्भारपण लपवण्यासाठी आयांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांनी मुलांना पोटातच इजा झाली होती. म्हणजे आधार मिळाला, पण उशिरा. लाजेपायी गेलेल्या महिन्यांची किंमत मुलांच्या जिवाने चुकती झाली. या गृहात जन्मलेल्या एका मुलाला फुले दाम्पत्याने दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ रोग्यांवर उपचार करत होता. त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या.

कायद्याच्या पुस्तकातले गृहीतक

गंज पेठेतला हा धागा घराघरांत पोचला नाही. अधिकृत विद्या वेगळ्याच वाटेने चालली होती. सतराव्या शतकातले इंग्लिश न्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी लिहून ठेवले होते की बलात्काराचा आरोप करणे सोपे आणि खोडून काढणे अवघड. हे एका माणसाचे मत होते. त्यामागे कुठलीही मोजणी नव्हती. तरी ते पुढच्या तीनशे वर्षांच्या पाठ्यपुस्तकांत उतरत गेले. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात तर, तक्रार करणारी स्त्री 'सर्वसाधारणपणे अनीतिमान' आहे असे दाखवून तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभाच होती. ते कलम २००३ साली निघाले.

न्यायवैद्यकाच्या पुस्तकांनी यात आणखी दोन गृहीतके घातली. एक, बळजबरी झाली असेल तर स्त्री ओरडेल, झटापट करेल आणि तिच्या अंगावर जखमा दिसतीलच. दोन, योनिमार्गात दोन बोटे घालून ती स्त्री 'शरीरसंबंधांना सरावलेली' आहे का, हे डॉक्टरला सांगता येते आणि त्यावरून तिच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा हेही ठरवता येते. विज्ञान शिकवणारे आपण वर्गात सांगतो की गृहीतक तपासून पाहावे लागते. ही दोन गृहीतके पिढ्यानपिढ्या कोणी तपासलीच नाहीत. ती पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि कोर्टात शपथेवर सांगितली.

याचा परिणाम काय होतो, ते महाराष्ट्रातच दिसले.

देसाईगंज, १९७२

कायद्याच्या ग्रंथांत हा खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' म्हणून ओळखला जातो. चळवळीत तो त्या मुलीच्या नावाने गाजला. आम्ही इथे ते नाव घेणार नाही. का, ते पुढे येईल.

देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज ते गडचिरोलीत आहे. मुलगी आदिवासी, आईबाप नसलेली, मोलमजुरी करणारी. डॉक्टरांच्या अंदाजाने वय १४ ते १६. २६ मार्च १९७२ च्या रात्री एका घरगुती तक्रारीसाठी ती आपल्या माणसांबरोबर पोलीस ठाण्यात गेली. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले आणि तिला आत थांबवून घेतले. बाहेरची माणसे वाट पाहत राहिली. आतले दिवे गेलेले आणि दार बंद पाहून त्यांनी हाका मारल्या. ती बाहेर आली आणि काय झाले ते तिने तिथेच सांगितले.

पुढे जे घडले त्याकडे इतिहास सांगताना फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तिच्या माणसांनी तिच्यावर विश्वास ठेवला. कोणी तिला गप्प बस म्हटले नाही. तिला त्याच रात्री गावातल्या डॉक्टरांकडे नेले. ठाण्याबाहेर गर्दी जमली आणि हलेना, तेव्हा कुठे तक्रार लिहून घेतली गेली. ही सारी गरीब माणसे होती आणि गुन्हा पोलीस ठाण्यातच, पोलिसांकडून घडला होता. तरी ती उभी राहिली.

वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे जवळजवळ वीस तासांनी झाली. अहवालात अंगावर जखमा नसल्याचे आले आणि दोन बोटांच्या चाचणीचा निष्कर्षही आला. १ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले; भीतीने निमूट राहणे आणि संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे या न्यायालयाने म्हटले. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणून जबरदस्ती नाही, असे अनुमान काढले गेले.

आता हे अनुमान विज्ञानाच्या कसोटीवर लावून पाहू. 'जखम असेल तर झटापट झाली असेल' हे एक वेळ मान्य. पण त्यावरून 'जखम नसेल तर जबरदस्ती झाली नाही' हे निघत नाही. पाऊस पडला की अंगण ओले होते, पण कोरडे अंगण पाहून पाऊस पडलाच नाही असे म्हणायला आधी पाहावे लागते की अंगणावर छप्पर नाही ना. नववीतला विद्यार्थीही ही चूक पकडेल.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांतले उपेंद्र बक्षी, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर दिल्ली विद्यापीठातले. वसुधा धागमवार पुण्याच्या. रात्रीच्या वेळी, ठाण्यात, दोन वर्दीवाल्यांसमोर एका मजूर मुलीने आरडाओरडा कसा करायचा, असा त्यांचा साधा सवाल होता. पत्र हातोहात पसरले. ८ मार्च १९८० रोजी मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली अशा शहरांत मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यात असलेल्या स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरून चालावे, असे ठरले. खटला बंद दाराआड चालवण्याची आणि पीडितेचे नाव छापू नये अशी तरतूद आली. तिचे नाव आम्ही घेत नाही ते यासाठी. ते नाव गाजले तेव्हा तो कायदा नव्हता. पण ते गाजवावे का, हे तिला कोणी विचारलेही नव्हते.

पुण्यात १९८२ साली विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच स्थापन केला. मंचाचे 'बोलते व्हा' हे केंद्र अडचणीतल्या स्त्रियांसाठी होते. सल्ला देण्याआधी ऐकून घेण्याची अशी जागा शहरात असावी लागते, हे त्यातून पुढे आले.

थिजलेले शरीर

विज्ञानाने या विषयाकडे नीट पाहायला तसा उशीरच केला. बोस्टनच्या एका सार्वजनिक रुग्णालयात अ‍ॅन बर्जेस या परिचारिका-संशोधक आणि लिंडा होमस्ट्रॉम या समाजशास्त्रज्ञ दिवसरात्र तातडीच्या विभागात जाऊन बसल्या. ९२ प्रौढ स्त्रियांच्या मुलाखतींवरून त्यांनी १९७४ मध्ये निबंध लिहिला. त्यांना दिसले की पहिल्या काही तासांत साधारण निम्म्या स्त्रिया रडत होत्या, थरथरत होत्या आणि उरलेल्या निम्म्या वरवर शांत होत्या. काही तर हसूनही बोलत होत्या. आतली अवस्था दोघींचीही सारखीच बिकट होती. 'हिच्याकडे पाहून वाटत तरी नाही' हे आपल्याकडे सहज म्हटले जाणारे वाक्य किती निराधार आहे, ते यावरून कळावे.

स्टॉकहोमच्या एका रुग्णालयातला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बलात्कारानंतर महिन्याभरात तिथे आलेल्या २९८ स्त्रियांपैकी ७० टक्के स्त्रियांना त्या वेळी शरीर थिजल्याचा लक्षणीय अनुभव आला होता. ४८ टक्के स्त्रियांमध्ये तो अतितीव्र होता. हात हलत नाही, तोंडातून आवाज फुटत नाही. मांजराच्या तोंडातला उंदीर किंवा कोल्ह्याने धरलेली कोंबडी निपचित होते, ती प्रतिक्रिया आपण जीवशास्त्रात शिकवतो. पळणेही शक्य नाही आणि लढणेही नाही, अशा वेळी मज्जासंस्था ही तिसरी वाट घेते. ती इच्छेने घेता येत नाही आणि इच्छेने टाळताही येत नाही. त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या स्त्रिया अशा थिजल्या होत्या, त्यांना सहा महिन्यांनंतर आघातोत्तर ताणविकार आणि नैराश्य यांचा त्रास अधिक झाला. 'मी ओरडले का नाही?' असे त्या स्वतःलाच विचारत राहतात. त्यात घरच्यांनीही तेच विचारले, तर त्या प्रश्नाचे ओझे दुप्पट होते.

म्हणून जवळच्या माणसाने हे माहीत करून घ्यावे आणि योग्य वेळी तिला सांगावेही: तुझे शरीर थिजले, त्यानेच तुला त्या क्षणातून बाहेर आणले, यात तुझी चूक नाही. अमेरिकेत सारा उलमन यांनी अनेक वर्षे हाच विषय अभ्यासला. पीडितेने सांगितल्यावर समोरच्याने दोष दिला, किंवा 'आता मी सांगतो तसे कर' म्हणून सूत्रे हाती घेतली, तर तिचा त्रास वाढलेला आढळतो. पहिला दोष सगळ्यांनाच कळतो. दुसरा मात्र प्रेमापोटी होतो, म्हणून लक्षात येत नाही. जिच्या मनाविरुद्ध सगळे घडले, तिच्या बाजूने का होईना, पुन्हा तिच्या मनाविरुद्धच निर्णय घेतले जातात. शाळा बंद करणे, गाव बदलणे, घाईने लग्न उरकणे हे याचे आपल्याकडचे प्रकार.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत प्रथमोपचारासारखा 'पहिला आधार' सांगितला आहे: ऐकणे, गरज विचारणे, विश्वास दाखवणे, सुरक्षितता पाहणे आणि पुढच्या मदतीशी जोडून देणे. घडलेली घटना खोदून खोदून सांगायला लावू नये, असे त्यात बजावले आहे. तसे एकदा बोलते करून ताणविकार टळत नाही, असे अभ्यासांत दिसले आहे. गंज पेठेतल्या सूचनेशेजारी ही यादी ठेवून पाहावी. दीडशे वर्षांचे अंतर आहे, पण दोन्हींचा रोख एकच.

पुन्हा विदर्भ, पुन्हा दवाखाना

वैद्यकीय तपासणीतली जुनी गृहीतके मात्र चिवट निघाली. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्यांच्या दर्जावर अहवाल लिहिला आणि २०१० मध्ये डॉ. रंजना पारधी यांनी नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. मुंबईत सेहत ही संस्था आणि महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' हे केंद्र आधीच उभे केले होते. २००८ पासून महापालिकेच्या रुग्णालयांत पीडितांच्या तपासणीची आणि उपचारांची नवी पद्धतही सेहतने बसवली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी स्त्रीच्या प्रतिष्ठेचा आणि खासगीपणाचा भंग करते असे म्हटले. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांनी ती बंद ठरवली. तरी ती होत राहिली. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की ही चाचणी करणे हे गैरवर्तन आहे आणि ती वैद्यकीय अभ्यासक्रमातूनही काढून टाकावी. पाठ्यपुस्तकात एकदा शिरलेली चूक बाहेर काढायला किती वर्षे लागतात, याचा हा धडा शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावा.

आज जवळच्या माणसाला माहीत हवे ते थोडक्यात असे. कोणत्याही रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, पीडितेवर तातडीने आणि मोफत उपचार केलेच पाहिजेत. नाकारणे हा गुन्हा आहे. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी. गर्भधारणा टाळण्याची गोळी पाच दिवसांपर्यंत देता येते, पण तिचाही उपयोग लवकर घेतल्यास जास्त. कपडे न धुता, सुकवून, कागदी पिशवीत ठेवावेत; प्लॅस्टिकमध्ये ओल राहते आणि नमुना कुजतो. आंघोळ झाली असेल तरी जावेच, उपचार त्यावर अवलंबून नाहीत. उपचार, पुराव्यासाठी तपासणी आणि पोलिसांकडे जबाब या तीन गोष्टींची संमती वेगवेगळी असते. एकीला नकार दिला म्हणून उपचार अडवता येत नाहीत. पीडितेचे नाव उघड न करण्याचा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०१३ पासून 'मनोधैर्य' ही साहाय्य योजना आहे.

मूल अठरा वर्षांखालचे असेल, मुलगी असो वा मुलगा, तर २०१२ चा पोक्सो कायदा लागतो. ज्याला माहिती मिळाली त्याने ती पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. शिक्षकही त्यात आले. म्हणून एखादे मूल 'बाई, कोणाला सांगणार नाही ना?' असे म्हणाले, तर खोटे वचन देऊ नये. 'मला काही जणांना सांगावे लागेल, पण कोणाला सांगते ते तुला आधी सांगेन आणि तुझ्याबरोबर राहीन' असे खरे ते सांगावे. जबाब देताना मुलाच्या विश्वासाचे माणूस जवळ असू शकते, न्यायालयातही. ते माणूस आपण असू शकतो. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक मुलांना पाठ असावा.

वर्गासाठी

मोठ्या वर्गांत या विषयातून दोन पाठ घेता येतील. पहिला इतिहासाचा. १८६३ च्या सूचनेचा आशय फळ्यावर लिहावा आणि मुलांना विचारावे, यात कोणते प्रश्न विचारलेले नाहीत? मुले भराभर यादी करतात. त्या यादीतले किती प्रश्न आज आपण पीडितेला विचारतो, हे त्यांचे त्यांनाच दिसेल. दुसरा विज्ञानाचा. 'जखम नाही म्हणून जबरदस्ती नाही' हे अनुमान द्यावे, त्यात काय चुकले ते शोधायला लावावे आणि मग थिजणाऱ्या शरीराची माहिती द्यावी. वर्गात एखादे मूल असेही असू शकते की ज्याच्यावर असे काही गुदरले आहे. तेव्हा कोणाला अनुभव सांगायला लावू नये. विषय आधी कळवावा आणि बाहेर जायची मोकळीक ठेवावी.

त्या बाईंना आम्ही पुढे पत्र लिहिले. तुम्ही रोज जाता, यातच बरेचसे उत्तर आहे, असे लिहिले. तिच्यावर तुमचा विश्वास आहे हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगा. चूक तिची नाही हे सांगा. काय झाले ते विचारू नका, काय हवे ते विचारा. ती गप्प असेल तर तुम्हीही गप्प बसा, पण उठून जाऊ नका.

बाईंचे उत्तर आले. त्यांनी तिला विचारले होते, काय हवंय? ती म्हणाली, शाळेत यायचंय, पण मधल्या सुट्टीत एकटी बसणार नाही. जूनपासून बाई मधल्या सुट्टीत डबा घेऊन तिच्या वर्गात बसतात.